कार्डावरची वहिनी

"भाऊ, तुम्ही. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का?"

ताईंनी नेहमीचे तीन प्रश्न विचारले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. रोज सकाळी आम्ही फळ्यासमोर गोल करून उभे राहतो. खुर्च्या घ्यायच्या नाहीत, कारण बसलं की माणूस लांबण लावतो. प्रत्येकाने या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि कामाला लागायचं. रजेनंतर मी पहिल्यांदाच त्या गोलात उभा होतो. काल मी बायकोचे कपडे कपाटातून बाहेर काढले होते आणि घड्या घालून परत कपाटात ठेवले होते. हे काही तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

"काल रजेवर होतो," मी म्हणालो. "आज मास्तरांनी केलेलं तपासायला घेतो. अडलेलं म्हणाल तर..."

तेवढ्यात माझ्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला. तो माझा नव्हता, तिचा होता. वाजत होती ती आमच्याच ॲपची धून, आम्हीच निवडलेली. त्या खोलीत ती न ओळखणारा कुणी नव्हता. मी फोन काढला. पडद्यावर लिहिलं होतं, 'वहिनी, सकाळची गोळी.' खाली दोन बटणं, 'घेतली' आणि 'थोड्या वेळाने'.

मी 'थोड्या वेळाने' दाबलं आणि फोन खिशात ठेवला.

मास्तर चष्मा पुसायला लागले. ताईंनी फळ्याकडे तोंड केलं. कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवणारे नवे साहेब, जे मी रजेवर असताना रुजू झाले होते, त्यांना वाटलं मी काहीतरी तपासतोय. ते म्हणाले, "छान. खऱ्या फोनवर तपासलेलं बरं."

"अडलेलं काही नाही," मी म्हणालो.

आमची कंपनी औषधांची वेळ सांगणारं ॲप बनवते. आज काचेच्या इमारतीत आख्खा मजला आमचा आहे, पण सुरुवात झाली ती टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तेव्हा आम्ही मूठभर माणसं होतो. कंपनी काढणारे आमचे कप्तान. ते सारखं "बोट बुडाली तर सगळेच बुडू" म्हणायचे म्हणून त्यांचं ते नाव पडलं. मास्तर प्रोग्राम लिहायचे. आधी ते क्लासमध्ये गणित शिकवत. फळा आणि त्यावरची कार्डं ताईंकडे. मी टेस्टर. दुसऱ्याने बनवलेलं मोडतंय का ते बघायचं, हे माझं काम. बायको म्हणायची, "घरीही तेच करता. पगार मात्र तिकडे घेता."

आमची एक पद्धत होती. सगळं काम एकदम बनवून बसायचं नाही. दोन आठवड्यांत होईल तेवढंच घ्यायचं, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी ते सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही ते एकमेकांनाच दाखवलं. मग कप्तान म्हणाले, "भाऊ, वहिनींना बोलवा की. आपण नुसते एकमेकांची पाठ थोपटतोय."

ती पडदे शिवायच्या दुकानात कामाला होती. तिथून तशीच आली, अंगाला दोरे चिकटलेले. तिला रक्तदाबाची गोळी तेव्हाच सुरू झालेली होती. आम्ही तिला खुर्चीत बसवलं आणि फोन हातात दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, इकडे तिकडे बोट फिरवलं. मास्तरांना राहवेना. ते वाकून म्हणाले, "वहिनी, ते वरचं बटण..."

"तुम्ही रोज येणार आहात का माझ्या घरी, वरचं बटण दाखवायला?" ती म्हणाली.

सगळे हसले. कप्तान हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी नियम केला. वहिनी खुर्चीत बसल्या की कुणी तोंड उघडायचं नाही. त्यांचं बोट जिथे थांबेल तिथे आपलं चुकलं असं धरायचं. आणि झाल्यावर पहिलं बोलायचं ते वहिनींनी.

ती बोलायचीही. "हे 'औषध नोंदवा' काय लिहिलंय? मी गोळी घेतलीय एवढंच सांगायचंय मला. अर्ज नाही करायचाय." म्हणून ते बटण 'घेतली' झालं. आजही तेच आहे.

पुढे तर प्रत्येक कार्ड तिच्याच नावाने लिहिलं जायला लागलं. काय बनवायचं ते आम्ही छोट्या कार्डावर लिहून फळ्यावर लावतो. कोणाला, काय, आणि का हवंय, एवढंच त्यात लिहायचं. ताई लिहायच्या, 'वहिनी म्हणून मला एका हाताने गजर थांबवता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात कात्री असते.' 'वहिनी म्हणून मला गोळीचा रंग दिसला पाहिजे, कारण नावं सगळी सारखीच वाटतात.' मी घरी जाऊन तिला सांगायचो. ती म्हणायची, "माझ्या नावावर काय काय खपवता हो तुम्ही लोक?"

कंपनी वाढली. एकाच्या चार टीम झाल्या, चार फळे झाले. रोज नवा चेहरा दिसायला लागला. दाखवायच्या दिवशी बाहेरची माणसं पैसे देऊन बोलवायला लागलो, तसं तिचं येणं थांबलं. पण कार्डावर वहिनीच राहिली. नव्या मुलांना ती कोण हे माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. एका टीमने तर कुठून तरी अंबाडा घातलेल्या बाईचं चित्र छापून फळ्यावर चिकटवलं. मी त्याचा फोटो घरी नेला.

"ही कोण बया?" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा बरी दिसते."

मग तिचा आजार निघाला. एका गोळीच्या मूठभर गोळ्या झाल्या. फोन दिवसभर वाजायचा. ती पडल्या पडल्या म्हणायची, "तुमचं हे यंत्र सासूच्या वरताण आहे. त्या निदान दुपारच्या झोपायच्या तरी." पण ती प्रत्येक वेळी 'घेतली' दाबायची. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. फोन घरी उशाशीच राहिला होता. आम्ही तिला पोचवून परत आलो तेव्हा तो वाजतच होता.

त्या पहिल्या सकाळी गोल मोडल्यावर मी फळ्याजवळ गेलो. कार्डं वाचली. 'वापरकर्ता म्हणून मला मागच्या आठवड्याच्या गोळ्या बघता आल्या पाहिजेत.' 'वापरकर्ता म्हणून मला...' सगळ्या कार्डांवर तेच. जुन्या कार्डांवरसुद्धा.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "आम्ही बदलली, भाऊ. मी आणि मास्तरांनी बसून. म्हटलं, तुम्हाला रोज समोर ते नाव... बरं नाही वाटणार."

"सगळी हाताने लिहिलीत?"

"हो. चारही फळ्यांवरची."

"बरं केलंत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी प्रेमाने केलं होतं. पण जागेवर जाऊन बसलो तरी मला कितीतरी वेळ कामाला हात घालवेना.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी बघत होतो. पूर्वी वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, "वहिनी वैतागतील," आणि वाद मिटायचा. आता म्हणायचे, "वापरकर्त्याला चालेल का?" मग एक म्हणायचा चालेल, दुसरा म्हणायचा नाही चालणार, आणि दोघांचंही चूक नसायचं.

दोन दिवसांनी संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती सासरी, दुसऱ्या गावी असते. आम्ही बोलत होतो तेव्हाच मागे तो गजर झाला.

"बाबा, आईचा फोन अजून वाजतोय?"

"वाजतो."

"अहो, मग बंद करा ना."

"फोन कसा बंद करू? तिच्या दुकानातल्या बायकांचे फोन येतात. काहींना अजून माहीतच नाही."

"फोन नाही, गजर बंद करा म्हणतेय मी. तुमच्याच कंपनीचं आहे ना ते? तुम्हालाच बंद करता येत नाही?"

"करतो," मी म्हणालो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ॲप उघडलं.

ॲपमधून नीट बंद करायचे दोनच मार्ग होते, दोन्ही मला पाठ होते. पहिला, 'औषधं पूर्ण झाली.' ते दाबलं की पडद्यावर फुगे उडतात आणि 'अभिनंदन! तुम्ही बऱ्या झालात!' असं येतं. म्हणून मी दुसरा धरला, 'खातं काढून टाका.' त्यावर प्रश्न आला, 'तुम्ही आम्हाला का सोडून चाललात?' खाली उत्तरं होती. गजर फार होतात. दुसरं ॲप वापरते. आता गरज वाटत नाही. इतर.

मी 'इतर' दाबलं. लिहायला चौकट आली. मी लिहिलं, 'वारली.'

खाली लाल अक्षरं आली, 'कृपया थोडं सविस्तर लिहा.'

मी फोन पालथा घातला आणि दिवा लावायचा राहिला होता, तो उठून लावला. मुलीला निरोप पाठवला, उद्या बघतो.

नवं काम ठरवायच्या बैठकीला मी कार्ड घेऊन गेलो. ते लिहिताना माझी पंचाईत झाली होती. 'वापरकर्ता म्हणून मला' असं सुरू केलं, तर वापरणारं माणूसच उरलेलं नव्हतं. 'वहिनी म्हणून मला' असं लिहावं, तर तिला आता काही नको होतं. आमचं प्रत्येक कार्ड काहीतरी हवं असलेल्या माणसापासून सुरू होतं. म्हणूनच इतक्या वर्षांत हे कार्ड कुणी लिहिलं नसावं. शेवटी मी लिहिलं, 'बायको गेलेला माणूस म्हणून मला तिचा गजर कायमचा थांबवता आला पाहिजे.' पुढे 'कारण' लिहायचं असतं, ते मोकळं ठेवलं.

ताईंनी कार्ड वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. नवे साहेब भले माणूस आहेत, बोलतात भरभर, पण कुणाचं मन दुखवून बोलत नाहीत. माझी बायको गेल्याचं त्यांना माहीत होतं. कार्डावरची वहिनी म्हणजे ती, हे माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने वहिनी म्हणजे एक जुनं, बदललेलं लेबल.

"भाऊ, मला समजतंय," ते म्हणाले. "पण हे किती लोकांना लागेल?"

"लागेल सगळ्यांच्याच घरी. कधी ना कधी."

"ते झालंच. पण लोक सरळ ॲप काढून टाकत असतील ना? तसं बसून कोण बंद करतं?"

 मास्तर म्हणाले, "काम फार नाहीये. मी करतो."

"करा, पण बाहेर काय काढू?" साहेबांनी फळ्याकडे हात केला. आमच्याकडे नियम आहे, दोन आठवड्यांची जागा ठरलेली. एक कार्ड आत घ्यायचं तर एक बाहेर काढायचं. "दवाखान्यांचं काम काढता येत नाही, तारीख दिलीय. सलग गोळ्या घेतल्या की पदक द्यायचं, तेही काढता येत नाही, कप्तानांना मी स्वतः शब्द दिलाय. सांगा तुम्हीच."

 माझं कार्ड फळ्याच्या कडेच्या रकान्यात गेलं, ज्याच्यावर 'कधीतरी' लिहिलेलं असतं. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

दोन आठवडे संपले की आम्ही दार लावून बसतो. काय जमलं, काय नाही जमलं, ते बोलायचं. कुणावर खापर फोडायचं नाही. त्या वेळी एक नवीन मुलगी होती, प्रोग्राम लिहिणारी, सगळे तिला नवीच म्हणायचे. तिची पाळी आली.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "मी जुन्या फळ्यांचे फोटो बघत होते. त्यात ती वहिनी आहे ना, ती का काढली? भारी होती ती. एका हातात कात्री, नावं वाचायचा कंटाळा. तिच्यामुळे काय करायचंय ते लगेच कळायचं. आता नुसतं वापरकर्ता, वापरकर्ता. कोण हा? ज्याने कुणी ती वहिनी बनवली ना, त्याने डोकं लावलं होतं बरं का."

 ताई म्हणाल्या, "अगं..."

"राहू द्या, ताई," मी म्हणालो. मग नवीला म्हणालो, "तिला कुणी बनवलं नव्हतं. ती माझी बायको."

नवीचा हात तोंडावर गेला. "सॉरी भाऊ. मला खरंच..."

"सॉरी कशाला? भारी होती म्हणालीस ना?"

मग मास्तरांनी वरच्या बटणाची गोष्ट सांगितली. तिची नक्कल करून सांगितली, मान तशीच वळवून. लोक हसले, माझ्याकडे बघत, जरा घाबरत, आणि मी हसतोय हे बघून मोकळेपणाने. ताईंनी कात्रीचं सांगितलं. मी त्या बयेचं सांगितलं. ती गेल्यापासून आमच्या कचेरीत तिचं नाव पहिल्यांदा कुणी मोठ्याने घेत होतं. लोक घरी भेटायला यायचे, हळू आवाजात बोलायचे आणि जायचे. त्यातलं काही माझ्या अंगी लागलं नव्हतं. हे लागलं.

नवे साहेब मात्र हसत नव्हते. हसणं थांबल्यावर म्हणाले, "भाऊ, तुम्ही आलात त्या दिवशी सकाळी गजर झाला, तो..."

"तिचा."

"अजून होतो?"

मी फोन काढला. 'इतर' दाबलं, 'वारली' लिहिलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी खालची लाल ओळ वाचली. ते पटकन वाचणारे, पटकन बोलणारे. पण फोन परत द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मग ते उठले, फळ्याजवळ गेले. येत्या दोन आठवड्यांच्या रकान्यात पदकांचं कार्ड अर्धवट राहून परत आलं होतं.  ते त्यांनी काढलं आणि तिथे माझं लावलं. "कप्तानांशी मी बोलतो," एवढंच म्हणाले.

"मग कार्डांवर परत वहिनी लिहायचं का?" नवीने हळूच विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"लिहा," मी म्हणालो. "पण ती बया चिकटवू नका."

दाखवायच्या शुक्रवारी कप्तान स्वतः आले. आता ते फार येत नाहीत, त्यांच्या मागे बैठका असतात. खोली भरली होती. बाहेरचं माणूस या वेळी बोलावलेलं नव्हतं. ताईंनी खुर्ची मधे ओढली. "कोण बसणार?" असं त्या म्हणाल्या नाहीत. मी जाऊन बसलो.

कुणी तोंड उघडलं नाही. नियम होता तो, पण त्या दिवशी खोलीतला पंखासुद्धा मला जोरात ऐकू येत होता.

मी तिचा फोन काढला. नवी ओळ मिळायला वेळ लागला नाही, मास्तरांनी ती सहज दिसेल अशी ठेवली होती. 'ही व्यक्ती आता हयात नाही.' ती दाबली. पुढे आलं, 'तुम्ही त्यांचे कोण?' खाली पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आणखी काही. मी 'पती' दाबलं. सविस्तर लिहा असं कुणी म्हटलं नाही.

मग शेवटचं पान आलं. वर लिहिलं होतं, 'यापुढे गजर होणार नाही.' ते मला वाचता आलं. त्याखाली दोन ओळी होत्या, त्या मला वाचता येईनात. अक्षरं एकमेकांत गेली. मी फोन लांब धरला. जवळ आणला. माझं बोट थांबलं.

बोट थांबलं की आम्ही लिहून घेतो. ताईंच्या हातात पेन होतं, पण त्या लिहीत नव्हत्या. नवी पुढे वाकायला लागली, तशी मास्तरांनी तिच्यापुढे आडवा हात धरला. कप्तान भिंतीला टेकून खाली बघत होते. मला मदत करायची प्रत्येकाला इच्छा होती आणि कुणीही केली नाही. त्याचं मला बरं वाटलं.

खालचं बटण एकच होतं, मोठं. 'ठीक.' मी ते दाबलं. फुगे आले नाहीत. पडदा पांढरा झाला आणि तिचं नाव तेवढं वर राहिलं.

खुर्चीतला माणूस बोलल्याशिवाय बाकीच्यांनी बोलायचं नसतं. ते थांबले होते. 

"चालतंय," मी म्हणालो. "पण खालच्या दोन ओळी मोठ्या करा. ज्याला त्या वाचायला लागतील, त्याला त्या वेळी नीट दिसत नसतं."

ताईंनी ते लिहून घेतलं. मास्तर जागेवर गेलेच नाहीत. लॅपटॉप हातावर धरून त्यांनी उभ्या उभ्या अक्षरं वाढवली, आपल्या फोनवर ते पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आता बघा, भाऊ."

'त्यांच्या नोंदी तुम्हाला हव्या तोवर आम्ही जपून ठेवू. कसलीच घाई नाही.'

मी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. आता वाचता येत होत्या.